बदरूची सीट

अब्बांची गाडी हरवली आहे, असं अब्बांचं म्हणणं होतं. खरं तर गाडी बिलकुल हरवली नव्हती. ती कधीच शारजाच्या भंगारवाल्याकडे गेली होती आणि तिच्या कागदांवर सही खुद्द अब्बांनीच केली होती. पण हे त्यांना सांगणार कोण? आणि सांगितलं तरी ते दुपारच्या चहापर्यंत टिकणार थोडंच होतं. खैरुद्दीन परकारांच्या डोक्यात अलीकडे नव्या गोष्टींना जागाच उरली नव्हती. जुन्या मात्र ठाण मांडून बसल्या होत्या.

दुबईतल्या अल कुसैसमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून अब्बा रोज खाली उतरायचे आणि रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाड्यांच्या रांगेतून चालत राहायचे. प्रत्येक गाडीसमोर थांबायचे, नीट बघायचे आणि पुढे जायचे. एखादी जुनी, फिकट रंगाची गाडी दिसली की दाराला हात लावून पाहायचे. दोनदा लोकांनी त्यांना चोर समजून हटकलं. ऑगस्टमध्ये तर ते चालत चालत पार मागच्या वर्कशॉपांपर्यंत पोचले आणि उन्हात फुटपाथवरच बसले. कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियाच्या मुरलीधरने त्यांना ओळखलं म्हणून बरं. तो त्यांना टॅक्सीत घालून घरी घेऊन आला. डोक्यावर ओला टॉवेल, पायात एकच चप्पल. आणि अब्बा त्यालाच विचारत होते, "क्रेसिडा कुठं दिसली का रे?"

त्या दिवशी सुमैय्याने विषय काढला. सुमैय्या म्हणजे अब्बांच्या मुलाची, फहदची बायको. अब्बांचं सगळं तीच करायची. औषधं तिच्या हातची, कपडे तिच्या हातचे, आणि एकच गोष्ट दहादा विचारली तरी दहाव्यांदा उत्तर देताना तिचा आवाज चढत नसे. म्हणून ती बोलली तेव्हा फहदला तिच्यावर चिडताही येईना.

"दाराला बाहेरून कडी लावूया," ती म्हणाली. "मी ड्यूटीला गेल्यावर इनाया स्कूलला, तुम्ही ऑफिसला. एक दिवस पोलिसांचा फोन येईल. तेव्हा काय करणार?"

"माणसाला कोंडून ठेवायचं?"

"मग दाभोळला पाठवता का? रशीदा फुफी स्वतः काठी धरून चालतात. तिथं कोण बघणार?"

तिचं सगळंच बरोबर होतं. पण ज्या माणसाने उभी हयात बंदरावर क्रेन चालवली, समुद्राच्या वर टांगलेल्या केबिनमध्ये बसून जहाजं रिकामी केली, त्याला कडी लावलेल्या दाराआड कसं बसवायचं? फहदने बायकोकडून महिनाभराची मुदत मागून घेतली. महिन्यात तो काय करणार होता, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मग एके दिवशी ऑफिसात डबा खाता खाता तो मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळत बसला. कशासाठी, ते त्याने मनाशीही कबूल केलं नव्हतं. तिथं त्याला ती दिसली. टोयोटा क्रेसिडा, मॉडेल सत्त्याऐंशीचं, रंग मोतिया. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की गाडी एकाच माणसाच्या हातची आहे, घरातल्या मुलीसारखी सांभाळलेली आहे, आणि ज्यांना नुसता टाइमपास करायचा आहे त्यांनी कृपया फोन करू नये. फोटोंमध्ये गाडी अशी चमकत होती की फहदचा घास हातातच राहिला. तोच रंग, तोच चौकोनी बॉनेट, तीच तपकिरी मखमली सीट. मागच्या काचेला तसेच पडदेसुद्धा.

शनिवारी तो अबू धाबीला गेला. घरी सांगितलं की ऑफिसचं काम आहे.

अल रीम आयलंडवरच्या एका उंच टॉवरच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये विकणारा उभा होता. साठीतला, पांढऱ्या मिशांचा, कडक इस्त्रीची हाफ पँट घातलेला माणूस. नाव ऑस्कर. मोठ्या हॉटेलात बँक्वेट मॅनेजर होता, नुकताच रिटायर झाला होता. दोघांचं इंग्रजीत सुरू झालं, मग हिंदीवर आलं. ऑस्करने फहदला गाडीला हात लावण्याआधी हातरुमाल दिला. बोटांचे डाग पडतात, म्हणाला. इंजिन दाखवलं, खालचा भाग टॉर्च मारून दाखवला, सीटखालची मॅट उचलून दाखवली. मुलगी बघायला आलेल्यांना मुलीची आईसुद्धा इतकं दाखवत नसेल. मध्येच त्याचा फोन वाजला.

"अगं हो, आलो," तो फोनवर म्हणाला. "माणूस आलाय गाडी बघायला. बोंबील तू आत्ता तळू नकोस, गार होतील."

फहद हसला. "वसईचे का तुम्ही?"

"आगाशी," ऑस्कर म्हणाला. "ऑस्कर डाबरे. तुम्ही?"

"फहद परकार. दाभोळ."

"मग मघापासून आपण इंग्लिश-हिंदी कशाला फाडतोय?" ऑस्करने टॉर्च विझवली. "सांगा आता खरं. ही कशाला पाहिजे तुम्हाला? गेल्या आठवड्यात एक पोरगा आलेला. म्हणतो, इंजिन काढतो, मोठं टाकतो, ड्रिफ्टिंग करतो. दुसऱ्याला ती कॉफी शॉपमध्ये उभी करून आत टेबल टाकायचं होतं. दोघांनाही मी खलास म्हणून घालवलं. मी शेरॉनकडे मेलबर्नला चाललोय कायमचा. मुलगी बोलावते आहे, ओल्गाला जायचंय. गाडी नेता येत नाही. पण म्हणून कुणाच्याही गळ्यात नाही बांधणार."

फहदने खरं ते सांगितलं. म्हातारा बाप, विसरलेलं डोकं, गाड्यांच्या रांगा, फुटपाथ, एक चप्पल. सांगताना त्याला वाटलं होतं की थोडक्यात आटपेल, पण सांगतच गेला. ऑस्कर मान खाली घालून ऐकत होता. रुमालाने आधीच स्वच्छ असलेला आरसा पुसत होता.

"जाहिरातीत लिहिलेली किंमत विसरा," तो शेवटी म्हणाला. "वीस हजार दिरहम द्या. पावणेपाच लाख रुपये झाले आपले. त्याच्या खाली गेलो तर ओल्गा मला घरात घेणार नाही."

चावी देताना त्याने गाडीच्या छपरावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"एक सांगतो, फहदभाई. हिला नुसती उभी नका ठेवू. उभी राहून खराब होते ही. आठवड्यातून एकदा तरी घेऊन जा कुठंतरी."

"कुठं?"

"कुठंही. गाडीला कुठंतरी जायचं असतं."

टेस्टिंग झालं, इन्शुरन्स झाला, मुल्किया, म्हणजे गाडीची नोंदणी, फहदच्या नावावर झाली आणि क्रेसिडा अल कुसैसला आली. सुमैय्याने खिडकीतून पाहिली आणि आधी कपाळाला हात लावला. मग अब्बांना हाताला धरून तीच खाली घेऊन आली.

अब्बा गाडीभोवती एक चक्कर मारून आले. बॉनेटवर तळवा फिरवला, तो डोळ्यांजवळ नेऊन धूळ लागली का ते पाहिलं.

"कुणी धुतली?" अब्बांनी विचारलं.

"मी, अब्बा."

"आरशाखाली साबण तसाच ठेवलायस." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि आरशाखाली पुसून घेतलं. "कुठं होती इतके दिवस?"

"गॅरेजला."

"मग सांगायचं की नाही? मी वेड्यासारखा शोधत फिरतोय."

फहदचा जीव भांड्यात पडला. सुमैय्या तोंड फिरवून डोळे पुसत होती.

पुढचे काही आठवडे घरात ईद असल्यासारखे गेले. अब्बा आता रस्त्यावर भटकत नव्हते. संध्याकाळी बादली आणि फडकं घेऊन खाली जायचे, गाडी पुसायचे, थोडा वेळ आत बसायचे आणि मगरिबच्या नमाजाच्या आत आपले आपण वर यायचे. कॅफेटेरियातून मुरलीधरची नजर असायचीच. कडीचा विषय निघाला नाही. सुमैय्याने एकदा चहा देताना म्हटलं, "तुमचं बरोबर होतं," आणि बायकोकडून हे वाक्य ऐकायला फहदला लग्नानंतर चौदा वर्षं वाट पाहावी लागली होती.

एकदोन गोष्टी खटकत होत्या, पण फहदने त्यांच्याकडे कानाडोळा केला. अब्बा गाडीत बसायचे ते मागच्या सीटवर. स्टिअरिंगकडे बघायचेही नाहीत. लायसन्स सोडून दिलंय हे कुठंतरी आत लक्षात असेल, असं त्याने धरून चाललं. दुसरं म्हणजे एसीची जाळी. उजवीकडची, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोरची जाळी रोज खिडकीकडे वळवलेली असायची. फहद ती सरळ करायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वळवलेली. म्हाताऱ्या माणसाचा चाळा, दुसरं काय, असं म्हणून तो सोडून द्यायचा.

मग एका संध्याकाळी फहदची मुलगी इनाया खाली गेली आणि उडी मारून पुढच्या सीटवर बसली. आजोबांनी तिला आजवर कधी साधं रागावलेलं नव्हतं.

"उठ तिथून," अब्बा म्हणाले. "मागे ये."

"बट व्हाय, दादा?"

"ती सीट कुणाची आहे माहीत नाही तुला?"

"इट्स नोबडीज सीट."

"तुझ्या दादीची आहे," अब्बा म्हणाले आणि पिशवी घेऊन गाडीपाशी आलेल्या फहदकडे खिडकीतून वळले. "फहद, निघायला नको का? फ्लाइट उतरायची वेळ झाली. बदरू बाहेर येऊन उभी राहील. तिला गर्दीत घाबरायला होतं."

फहदच्या हातातली पिशवी खाली पडली. तिच्यातली संत्री गाडीखाली गेली आणि ती काढायला म्हणून तो जो वाकला, तो बराच वेळ वर उठलाच नाही.

हे त्याला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही तरी त्याला. अब्बा बंदरावर जायचे ते कंपनीच्या बसने. बाजारहाट करायचे पायी. तेव्हा दुबईच्या करामा भागातल्या एका खोलीत ते सहा जण राहायचे आणि खाली अब्बांची क्रेसिडा कव्हर घालून वर्षभर नुसती उभी असायची. सगळे हसायचे की खैरुद्दीनने गाडी घेतली नाही, पाळली आहे. ती गाडी निघायची वर्षातून एकदा, अम्मी व्हिजिट व्हिसावर यायची तेव्हा. फॅमिली व्हिसा मिळावा एवढा अब्बांचा पगार कधी झाला नाही. तिकडे दाभोळात घर होतं, आजी होती, आंबे होते. मग थंडीत अम्मी यायची, छोट्या फहदला बरोबर घेऊन. दाभोळ, मुंबई, दुबई. विमानतळाच्या दारात अब्बा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून उभे असायचे आणि बाहेर ही गाडी असायची, नवरीसारखी धुतलेली. अम्मी पुढे, फहद मागे. एसीचा वारा थेट लागला की अम्मीचे कान ठणकायचे. ओढणी कानावरून घट्ट बांधून बसायची ती. म्हणून अब्बा घरून निघतानाच तिच्या बाजूची जाळी खिडकीकडे वळवून ठेवायचे.

गाडी धुतली म्हणजे अम्मी येणार. लहानपणी खाजणापलीकडच्या शाळेत बसून फहद अम्मीबरोबर त्या धुतलेल्या गाडीत बसायची वर्षभर वाट पाहायचा. आणि मोठा झाल्यावर त्याने समजून घेतलं काय, तर अब्बांना गाडीचं वेड होतं.

अब्बांचं रिटायर होऊन दाभोळला कायमचं जायचं ठरलं ते दोन हजार वीस साली. बॅगा भरून झाल्या होत्या. अम्मीने माडीवरची खोली रंगवून घेतली होती आणि रंग कसा वाटतो ते फोनवर दाखवलं होतं. मग विमानं बंद झाली. मे महिन्यात अम्मी गेली. ताप आला, श्वास लागला, आणि चिपळूणच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. चुलतभाऊ हमीदने व्हिडिओ कॉल लावला, मय्यत शेवटची बघून घ्या म्हणाला. अब्बांनी फोन हातात घेतला आणि टेबलावर उलटा ठेवला. परत सरळ केलाच नाही. कबरीत मूठमाती हमीदने दिली, नवऱ्याच्या नावची आणि मुलाच्या नावचीही. फहद त्या दिवशी रडला नाही. अब्बांना सांभाळायचं होतं, लोकांचे फोन घ्यायचे होते, नोकरी राहते की जाते ते बघायचं होतं. रडायचं राहूनच गेलं.

तर अब्बांनी अम्मीला गेलेलं पाहिलंच नव्हतं. त्यांच्या डोक्याने बाकी सगळं टाकून दिलं आणि न पाहिलेलं हे मरणही त्यातच गेलं. उरली ती यायची असलेली बायको.

फहदने त्यांना वर आणलं, शेजारी बसवलं आणि सांगितलं. दुसरा मार्ग त्याला सुचला नाही.

"अब्बा, अम्मी गेली. कोरोना होता तेव्हा. पाच वर्षं झाली."

"गेली म्हणजे?"

"इंतकाल झाला, अब्बा."

"माती कुणी दिली?"

"हमीदने. आपल्या दोघांच्या नावाने दिली."

"आणि मी कुठं होतो?"

"इथंच. विमानं बंद होती तेव्हा."

"विमानं कधी बंद असतात का?" अब्बा म्हणाले आणि मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो फहदने आधी कधी ऐकला नव्हता. दार लावून घेतलं तरी तो इनायाच्या खोलीपर्यंत जात होता. ते जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बादली घेऊन खाली गेले. परत आले आणि म्हणाले, "फहद, जाळी वळवलीय. निघूया?"

फहदने पुन्हा सांगितलं. आदल्या दिवशीचं दुःख अब्बांच्या गाठीला राहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ते पुन्हा पहिल्यापासून भोगावं लागलं. तेच प्रश्न, त्याच क्रमाने. माती कुणी दिली, मी कुठं होतो. तोच आवाज. ते झोपल्यावर सुमैय्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आता नका सांगू परत," ती म्हणाली. "अम्मींना किती वेळा मारणार आहात तुम्ही?"

फहदला तोंडात मारल्यासारखं झालं. पण तिचं याही वेळी बरोबर होतं.

तेव्हापासून तो खोटं बोलायला लागला. "फ्लाइट लेट आहे, अब्बा." एवढं म्हटलं की काम व्हायचं. अब्बा मान हलवायचे, एअरलाइनच्या नावाने दोन शब्द बोलायचे आणि टीव्हीसमोर बसायचे. पण हळूहळू तेही पुरेना. त्यांनी इस्त्रीचा सदरा मागून घेतला. अत्तर लावून बसायला लागले. संध्याकाळचं जेवण समोर आलं की ताट बाजूला सरकवायचे. ती उपाशी येईल, विमानातलं तिला जात नाही, तिच्याबरोबर बसेन म्हणायचे. अंगावरचं मांस उतरलं, सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. एक दिवस म्हणाले, "रोज कशी लेट होते रे? यल्ला, त्यांच्या ऑफिसात जाऊन विचारून तरी ये." फहदला हसू आलं आणि त्याच वेळी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभं राहावंसं वाटलं.

"गाडी विकून टाकूया," सुमैय्या म्हणाली.

"विकली तर परत शोधत फिरतील."

"मग?"

गाडी ठेवली तर अब्बा वाट बघत झिजणार, विकली तर उन्हात कुठंतरी पडणार, नाहीतर कडी. पदरचे पैसे घालून फहदनेच बापाच्या दारात हे आणून उभं केलं होतं. त्याला ऑस्करची आठवण झाली. आयुष्यभर लोकांच्या लग्नाच्या जेवणावळी लावणारा माणूस. गाडीला कुठंतरी जायचं असतं, असं तो सहजच बोलून गेला होता.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून आल्यावर फहद म्हणाला, "अब्बा, चला. फ्लाइट आली."

अब्बांनी घाई केली नाही. आरशात बघून दाढी विंचरली. खाली येऊन एकदा गाडीवर फडकं मारलं, जाळी तपासली आणि मागचं दार उघडून बसले. फहदने गाडी काढली. रस्त्यात अब्बा एकदा म्हणाले, "हळू घे. वेळ आहे."

मुंबईची फ्लाइट खरोखरच उतरली होती. टर्मिनलच्या बाहेर येण्याच्या दाराशी कठड्याला टेकून लोक उभे होते. कुणाच्या हातात फुगे, कुणाच्या हातात नावाच्या पाट्या. अब्बा थेट एका खांबाजवळ जाऊन उभे राहिले. "इथं उभं राहायचं," म्हणाले. "तिला वाचता येत नाही पाटीवरचं. खांब बघून येते ती." हा खांब तो नव्हता, टर्मिनलही ते राहिलं नव्हतं. फहद त्यांच्या शेजारी उभा राहिला. त्याने ठरवून टाकलं होतं. अर्धा तास थांबायचं, आज नाही आली म्हणायचं आणि घरी जायचं. तोवर ऑफिसचे मेल बघून घ्यावेत म्हणून त्याने फोन काढला.

दार उघडायला लागलं. ट्रॉल्या बाहेर यायला लागल्या. दोरीने बांधलेली खोकी, त्यांच्यावर मार्करने लिहिलेली नावं. लोणच्याच्या बरणीचा वास आला. झोपलेली लेकरं खांद्यावर टाकलेले बाप, नव्या कपड्यांत अवघडलेल्या नव्या नवऱ्या. आणि कुणाकुणाच्या अम्म्या, पाय सुजलेल्या, ट्रॉली कुठं वळवायची ते न कळून मध्येच थांबणाऱ्या. फहदने फोन कधी खिशात ठेवला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

तेवढ्यात ती दिसली. ठेंगणी, किंचित डावीकडे झुकून चालणारी, गडद हिरव्या रंगाची ओढणी कानांवरून घट्ट बांधलेली. फहद लोकांना बाजूला सारत पुढे धावला. कठड्यापर्यंत पोचला आणि त्याने हात वर केला. हाक ओठांवर आली होती.

त्या बाईने मान वर केली. कुणाची तरी दुसऱ्याची आई होती. पलीकडून एक तरुण आला, तिच्या पायांशी वाकला आणि ट्रॉली ढकलत तिला घेऊन गेला.

फहदचा हात वरच राहिला. खांद्यावर कुणाचा तरी हात पडला. अब्बा होते.

"नाही रे," अब्बा म्हणाले. "ती नव्हे. मलाही तसंच वाटलं होतं."

मग फहदचं पाच वर्षांचं राहिलेलं रडणं एकदम आलं. तो तिथंच, फुगेवाल्या आणि पाट्यावाल्या लोकांसमोर, कठडा धरून रडला. बेचाळीस वर्षांचा, गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवलेला माणूस हमसून हमसून रडत होता आणि म्हातारा बाप त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता, लहानपणी दाभोळला परत जाताना याच शहराच्या विमानतळावर फिरवायचा तसा.

"रडू नये," अब्बा म्हणत होते. "येईल. उशीर होतोच तिला. सामान जास्त आणते ती."

फ्लाइटचे सगळे लोक येऊन गेले. दार उघडायचं थांबलं. एक सफाईवाला फुटलेला फुगा उचलून घेऊन गेला. अब्बांनी त्या बंद दाराकडे एकदा नीट बघून घेतलं आणि स्वतःच फहदचा हात धरून पार्किंगकडे निघाले. गाडी कुठं लावली आहे ते त्यांना बरोबर आठवत होतं.

मागचं दार उघडून ते आपल्या जागेवर बसले. फहदने गाडी सुरू केली. उन्हात तापलेली गाडी भट्टी झाली होती आणि एसीचा अर्धा वारा खिडकीच्या काचेवर जाऊन वाया जात होता. फहदच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत उतरत होता, तो त्याने बाहीने पुसला.

"आज काही ती येत नाही," मागून अब्बा म्हणाले. "ती जाळी सरळ कर. किती घाम आलाय तुला."

फहदने शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघितलं.

"राहू दे, अब्बा," तो म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी परत वळवावी लागेल."